फादर म्हटलं की इंग्रजीच का आठवावी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षक दिन जवळ आला की आपल्या पेपरात शिक्षकांवर लेख येतात, मी ते सगळे वाचते, आवडले तर कात्रणंही ठेवते. सावित्रीबाई, साने गुरुजी, राधाकृष्णन यांच्यावर दरवर्षी वाचायला मिळतं आणि मिळायलाच पाहिजे. पण त्याच आठवड्यात, शिक्षक दिनाच्या बरोबर चार दिवस आधी, १ सप्टेंबरला अजून एका शिक्षकाचा जन्मदिवस असतो आणि त्यांचं नाव त्या दिवशी कुठल्या मराठी पेपरात माझ्या तरी नजरेला पडलेलं नाही, म्हणून हे पत्र. फादर कामिल बुल्के. कॅथलिक धर्मगुरू, येशूसंघीय म्हणजे जेझुइट, जन्माने बेल्जियमचे आणि पुढे आयुष्यभर आपल्याच देशात राहून हिंदीसाठी राबलेले. पत्र थोडं लांबणार आहे, कापायचं असेल तर माझं घरगुती कापा पण बुल्केंबद्दलचं राहू द्या.

निमित्त काय झालं ते सांगते. ओळखीतल्या एका घरी गेले होते, त्यांच्या मुलाला नुकतीच ॲडमिशन मिळालेली. वडील खुशीत होते, म्हणाले, फादरच्या शाळेत नंबर लागला, आता इंग्रजीची काळजी मिटली. मग तो मुलगा डायरी घेऊन आला, तिच्यात टीचरचा शेरा होता की मधल्या सुट्टीत मराठीत बोलताना आढळला, पालकांनी लक्ष द्यावं, आणि खाली वडिलांची सहीसुद्धा झालेली होती. सहा वर्षांचं पोर. डबा खाताना मित्राशी काय बोललं असेल, लोणचं देतोस का एवढंच ना? मी तिथे काही बोलले नाही, दुसऱ्याच्या घरात काय बोलणार, पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच चालू होतं की आपल्याकडे फादर म्हटलं की लगेच इंग्रजी आठवते, आणि माझ्या टेबलावर मात्र इतकी वर्षं एका फादरचं असं पुस्तक आहे की ज्याने इंग्रजीत प्रबंध लिहायला साफ नकार दिला होता.

ते पुस्तक म्हणजे बुल्केंचा इंग्रजी-हिंदी शब्दकोश, पहिल्यांदा १९६८ साली निघालेला. मी मराठी माध्यमाच्या शाळेत हिंदी शिकवायचे, तेव्हा नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घेतलेली माझी प्रत आहे. आता तिचा पुठ्ठा दोनदा बदललाय, पाठीला कापडी पट्टी लावलीय, आणि पानांच्या कडा जिथे पोरांची बोटं लागायची तिथे काळपट झाल्यात. वर्गात ती माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर असायची आणि तपासायला ज्याला पाहिजे त्याने यायचं, विचारायचं नाही, असा नियम. हा कोश मुलांना का आवडायचा ते सांगते. एकेका शब्दाचे अर्थ नंबर घालून वेगळे केलेत, म्हणजे कुठला अर्थ कुठे वापरायचा हा गोंधळ होत नाही, आणि इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत दिलाय. एवढीशी गोष्ट वाटते, पण ज्या मुलीच्या घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही तिला तो उच्चार स्वतःचा स्वतः वाचता यायचा, कुणासमोर चुकायची भीती नाही. ज्याने हे सुचवलं त्याच्या डोळ्यासमोर असंच एखादं पोर असणार असं मला नेहमी वाटत आलंय.

कव्हरवरचं नाव रोज बघायचे पण माणूस कोण ते कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. भाची सीबीएसईला होती, तिच्या दहावीच्या हिंदीच्या पुस्तकात त्यांच्या आठवणींचा एक धडा होता, तो तिला समजावून सांगताना पहिल्यांदा कळलं की हे पांढऱ्या झग्यातले, दाढीवाले, निळ्या डोळ्यांचे फादर होते आणि त्यांना जाऊनही तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मग मिळेल ते वाचत गेले.

त्यांचा जन्म १९०९ चा, बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधलं राम्सकापेल नावाचं छोटं गाव. गावाच्या नावातच राम आहे असं हिंदीवाले कौतुकाने सांगतात, तो योगायोग आहे पण मलाही आवडतो. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते तिथल्या भाषेचं. फ्लँडर्समधल्या लोकांची भाषा फ्लेमिश, म्हणजे डचचंच तिकडचं रूप, पण बेल्जियम १८३० साली स्वतंत्र झाल्यावर कोर्ट, कचेरी, वरचं शिक्षण, सगळीकडे फ्रेंचचा दरारा. शेतकऱ्याची, कामवाल्यांची ती फ्लेमिश आणि साहेबाची ती फ्रेंच. फ्लेमिश आईबापाचं हुशार पोर कॉलेजात गेलं की ते फ्रेंच बोलायला लागायचं आणि घरी आल्यावर आईशी बोलताना अडखळायचं. आपल्याला यातलं काय नवीन आहे सांगा? फ्लेमिश लोकांनी याविरुद्ध मोठी चळवळ केली आणि १९३० साली गेंटचं विद्यापीठ पूर्णपणे डच भाषेतून शिकवणारं झालं. बुल्के तेव्हा विशी-एकविशीतले, ल्युव्हेनला इंजिनिअरिंग शिकत होते, ही चळवळ त्यांनी नुसती बघितली नाही, ती त्यांच्या मनात मुरली. त्याच १९३० साली ते येशूसंघात दाखल झाले.

हे मी एवढं सविस्तर लिहितेय कारण बुल्केंच्या हिंदीप्रेमाची गोष्ट लोक बहुतेक अलाहाबादपासून सुरू करतात आणि मग ती एका गोऱ्या माणसाला आपली संस्कृती आवडली एवढीच राहते. मला ती तशी वाटत नाही. आपल्या आईच्या भाषेला कमी लेखलेलं ज्याने लहानपणापासून बघितलं तो माणूस इथे आला आणि त्याला इथे तेच दिसलं. १९३५ च्या सुमारास ते भारतात आले तेव्हा शिकलेसवरलेले लोक आपल्या परंपरेबद्दल अजाण आहेत आणि इंग्रजी बोलण्यात मोठेपणा मानतात हे बघून त्यांना वाईट वाटलं, हे त्यांनीच पुढे सांगितलंय. आणि त्यांनी ठरवलं की आपण इथल्या लोकांची भाषा नीट शिकायची, कामचलाऊ नाही.

काही दिवस दार्जिलिंग, मग गुमला. आताच्या झारखंडमधला हा भाग, तिथल्या शाळेत ते गणित शिकवायला लागले, इंजिनिअरिंगवाला माणूस म्हणून गणित. त्या छोटानागपूर भागात त्यांच्याही आधी, १८८५ साली, पश्चिम फ्लँडर्सचेच फादर कॉन्स्टंट लिव्हन्स येऊन गेले होते, त्यांनी जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध आदिवासींना कोर्टात उभं राहायला शिकवलं आणि क्षयाने आजारी पडून अवघ्या काही वर्षांत परत गेले. म्हणजे बुल्के एका चालत आलेल्या वाटेवरच आले होते. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी, गुमल्याच्या मुलांची घरची भाषा हिंदी नव्हे, ती कुडुख किंवा सादरी, तेव्हा हिंदी म्हणजे त्यांची मातृभाषा असं कुणी समजू नये. पण इंग्रजीपेक्षा ती त्यांच्या कितीतरी जवळची होती, बाजारात ऐकू येणारी होती, आणि बुल्के तिथेच हिंदीच्या प्रेमात पडले.

येशूसंघात धर्मगुरू व्हायला किती वर्षं लागतात हे आपल्याला माहीत नसतं. आधी उमेदवारी, मग तत्त्वज्ञान, मग काही वर्षं शाळेत शिकवणं, मग ईशज्ञान, आणि तेव्हा कुठे गुरुदीक्षा. बुल्केंना ती १९४१ मध्ये मिळाली, म्हणजे संघात गेल्यापासून अकरा वर्षांनी. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं, स्वतःच्या नावावर काही नाही. मधल्या काळात हजारीबागजवळ सीतागढला राहून एका पंडितजींकडे हिंदी आणि संस्कृतचा अभ्यास, पुढे कलकत्ता विद्यापीठातून संस्कृत घेऊन एम. ए., आणि मग अलाहाबाद.

अलाहाबादला ते पीएचडी करत होते तेव्हाचा किस्सा. विषय रामकथा, विभाग हिंदीचा, मार्गदर्शक हिंदीचे, आणि नियम असा की प्रबंध इंग्रजीत लिहायचा! त्या काळी सगळीकडे हीच पद्धत होती आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. बुल्केंना इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन सगळं येत होतं, इंग्रजीत लिहिणं त्यांना काही जड नव्हतं. पण हिंदीच्या विभागात हिंदीतच लिहीन म्हणून ते अडून बसले आणि शेवटी विद्यापीठाला नियम बदलावा लागला. प्रबंध हिंदीत झाला आणि १९५० साली पुस्तक म्हणून निघाला. त्यांनी त्यासाठी मोर्चा काढला नाही, कुणाशी भांडण केलं नाही, नुसतं नाही म्हणाले, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या कितीतरी मुलांची वाट मोकळी झाली, त्या मुलांमधल्या बहुतेकांना इंग्रजीत प्रबंध लिहायला सांगितलं असतं तर ती कदाचित पीएचडीच्या वाटेलाच गेली नसती. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी याहून मोठं काय करायचं असतं? वर्गात चाळीस मिनिटं शिकवणं वेगळं आणि बंद दार उघडून ठेवणं वेगळं.

आणि कामही काय! वाल्मीकींपासून सुरू करून बौद्ध जातकं, जैनांचं पउमचरिय, संस्कृतमधली नाटकं-काव्यं, आपल्या वेगवेगळ्या भाषांमधली रामायणं, तिबेट, इंडोनेशिया, थायलंड इथल्या रामकथा, सगळं गोळा करून एकेक प्रसंग कुठून आला, कुठे कसा बदलला, याचा धागा त्यांनी लावला. इंटरनेट नाही, झेरॉक्स नाही, हाताने टिपणं काढायची. नंतरच्या आवृत्त्यांमध्येही भर घालत, दुरुस्त्या करत राहिले. त्यांचा जीव मात्र तुलसीदासांवर. तरुणपणी युरोपात असतानाच जर्मन भाषांतरातून तुलसीदासांची एक ओळ त्यांच्या वाचनात आली होती, ज्याचं चरित्र ऐकून बापाला आनंद होतो त्याचा जन्म धन्य, अशा अर्थाची, आणि ती ओळ त्यांच्या मनात घर करून राहिली. एक मुलगा आईबापाला सोडून कायमचा परदेशी निघालाय आणि त्याच्या सोबतीला ही ओळ आहे, हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं.

पीएचडीनंतर रांचीच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते हिंदी आणि संस्कृतचे विभागप्रमुख झाले. १९५१ मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं आणि स्वतःला सरळ बिहारी म्हणवून घ्यायचे, रांची तेव्हा बिहारमध्येच होती. पण इथे एक गोष्ट अशी आहे की जी मला शिक्षिका म्हणून फार लागते. त्यांना ऐकायला कमी येत होतं. शिक्षकाचे कान गेले तर वर्गातलं निम्मं जातं हो, मागच्या बाकावरची कुजबूज, हळू आवाजात विचारलेली शंका, कवितेत चुकलेली मात्रा, काहीच पोचत नाही. त्यामुळे वर्गातलं शिकवणं त्यांनी कमी केलं आणि लिखाण-संशोधनाकडे वळले. दुसरा कुणी असता तर तिथेच संपलं म्हणाला असता. त्यांनी काय केलं, तर रांचीत येशूसंघाच्या मनरेसा हाउस या निवासात ते राहायचे तिथली आपली पुस्तकं विद्यार्थ्यांना, संशोधकांना खुली केली. ज्याला पाहिजे त्याने यावं, बसावं, वाचावं, विचारावं. वर्ग त्यांच्यापासून लांब गेला तर ते वर्गालाच घरी घेऊन आले. वर्गातल्या मुलांना टेबलावरच्या कोशाला न विचारता हात लावू द्यायची सवय मी कुणाकडून घेतली नव्हती, आपोआपच होती, पण बुल्केंबद्दल हे वाचलं तेव्हा बरं वाटलं.

शब्दकोश याच काळातला. त्याच्या आधी १९५५ मध्ये त्यांनी पारिभाषिक शब्दांचा एक छोटा कोश केला होता. बायबलच्या हिंदी भाषांतराचं कामही चालू होतं, आणि ते असं हिंदी की जे चर्चबाहेरचा माणूसही सहज वाचेल. १९७४ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्यावर जास्त लिहीत नाही, पुरस्कार सगळ्यांना माहीत असतात, काम माहीत नसतं.

आता वाचक म्हणतील, मराठी पेपरात हिंदीवाल्याचं कौतुक कशाला, आधीच हिंदीच्या सक्तीवरून एवढं रान उठलंय. मी हिंदीची शिक्षिका असूनही सांगते, पहिलीच्या पोरावर तिसरी भाषा लादायला माझा विरोध आहे. आणि मला खात्री आहे की फ्लँडर्समध्ये वाढलेला माणूस आपल्या बाजूनेच बोलला असता. कारण त्यांनी जे केलं ते इंग्रजी किंवा फ्रेंचच्या द्वेषातून केलं नाही, मुलाच्या जवळची भाषा आणि शिक्षणाची भाषा यांच्यात दरी नको यासाठी केलं. तीच गोष्ट मराठीला लावून बघा. आणि अशी माणसं मराठीलाही मिळालीत. फादर स्टीफन्स इंग्लंडहून १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण छापून निघालं, मराठीत, ओवीत. आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर परवापरवापर्यंत आपल्यात होते, वर्षानुवर्षं त्यांनी सुवार्ता मासिक चालवलं आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तरी फादर म्हटलं की आपल्याला आठवते ती इंग्रजी शाळेची ॲडमिशन. यात त्या फादर लोकांपेक्षा आपला, पालकांचा वाटा जास्त आहे असं मला वाटतं, आपण मागतो तेच दुकानात ठेवलं जातं.

दुसरा प्रश्नही मला माहीत आहे, हे पत्र छापलंत तर तुमच्याकडे येईलच. मिशनरी होते म्हणजे धर्मांतरासाठीच आले असणार. बुल्केंनी आपली श्रद्धा कधी लपवली नाही, शेवटपर्यंत ते निष्ठावान ख्रिस्ती धर्मगुरू होते, रोज मिस्सा म्हणणारे. आणि तुलसीदासांवरची भक्तीही त्यांनी तितक्याच उघडपणे सांगितली, लिहिली. एकाला मान देण्यासाठी दुसऱ्याला कमी करावं लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही. अलाहाबादच्या परिमल या लेखकांच्या मंडळात हिंदीतले एकाहून एक लेखक होते, त्यांच्यात हे फादर घरच्या वडीलधाऱ्यासारखे असायचे, सणाला, मुलाच्या संस्काराला, दुःखाच्या वेळी हजर. त्या लोकांनी त्यांना ओळखलं होतं, त्यांच्या साक्षीवर मी विश्वास ठेवते.

१९८२ मध्ये त्यांना गँगरीन झालं, उपचारासाठी दिल्लीला नेलं आणि १७ ऑगस्टला एम्समध्ये ते गेले. जन्मदिवस पंधरा दिवसांवर आला होता, त्र्याहत्तरावं पूर्ण झालं असतं. कश्मीरी गेटजवळच्या निकल्सन दफनभूमीत त्यांना पुरलं, आणि आयुष्य रांचीत काढलेला माणूस पस्तीस वर्षांहून जास्त काळ दिल्लीतच राहिला. मग २०१८ च्या मार्चमध्ये त्यांचे अवशेष तिथून काढून रांचीला आणले आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात विधीपूर्वक ठेवले. कॉलेजसमोरच्या पुरुलिया रोडला आता त्यांचं नाव आहे. रांचीकरांनी आपल्या माणसाला घरी आणलं, मला याचं फार समाधान वाटलं.

माझी विनंती एवढीच की यंदा १ सप्टेंबरला आपल्या पेपरात त्यांच्यावर नीट माहितीचा एक लेख यावा, कुणा जाणकाराकडून लिहून घ्या, आणि तो शक्य असेल तर मुलांच्या पानावर घ्या, म्हणजे पालकही वाचतील. सोबत त्यांच्या कोशाचं एखादं पान छापलंत तर फार बरं होईल. माझी प्रत द्यायला मी तयार आहे, फक्त पानं सुटी आहेत, जपून हाताळावी लागतील.

ज्या मुलाच्या डायरीवरून हे सुरू झालं त्याच्या आईला मी परवा फोन केला. शेऱ्याबद्दल काही बोलले नाही. रविवारी त्याला माझ्याकडे पाठवा म्हटलं, कोशातून शब्द शोधायचा खेळ खेळू, मधल्या सुट्टीसारखं मराठीत बोलत. ती हो म्हणाली आहे.

आपली,
एक निवृत्त हिंदी शिक्षिका